अण्णांच्या कानावर

"पोरगी गाडी ठोकून ठोकून बघून राह्यली, जसं काय बाजारात कलिंगड घेऊन राह्यली," माझ्या डोक्यावर, बसच्या पत्र्यापलीकडं कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. मी तेव्हा बसच्या पोटाखाली पोत्यावर उताणी पडले होते. एका हातात प्लास्टिकच्या टोकाची हातोडी, दुसऱ्या हातात मेणाचा गोळा. आवाज गंगाधरचा होता, आमच्या शेडमधल्या रिव्हेट मारणाऱ्याचा. तो वाईट माणूस नव्हता, आणि त्याचं म्हणणंही फारसं चुकीचं नव्हतं. कलिंगड पिकलंय की नाही हे आपण ठोकून कानानं ठरवतो. मीसुद्धा चासीच्या एकेका जागी ठोकत होते आणि तो ठोका वर ड्रायव्हरच्या सीटपर्यंत किती पोचतो ते बघत होते. मेण त्यासाठीच होतं. हादरा मोजणारं बोटाच्या पेराएवढं यंत्र मेणानं पत्र्याला चिकटवायचं, वायर आत घ्यायची आणि खालून ठोकायचं. पण मी विशीतली मुलगी होते, पंजाबी ड्रेसवर वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, जुना शर्ट चढवलेला होता, आणि त्या शेडमध्ये माझ्याखेरीज एकही बाईमाणूस नव्हतं. हसणं ऐकलं तशी मी ठोकायची थांबले. सगळे जेवायला निघून गेले तरी बाहेर आले नाही. ऑइलचा एक थेंब कपाळावर पडून कानाकडं ओघळला, तोही पुसला नाही. भीती वाटली की मी अशीच निपचित व्हायचे, लहानपणापासून. आता साठी ओलांडल्यावर माझी नात दार आपटून भांडते तेव्हा मला तिचा राग येत नाही, नवल वाटतं.

अण्णांची शेड जालन्याच्या औद्योगिक वसाहतीच्या अगदी कडेला होती. आजूबाजूला सळयांचे कारखाने, मध्ये एरंडाची झाडं, आणि उन्हाळ्यात सगळ्यावर बसणारी तांबूस-काळी धूळ. आमच्याकडं उघडी चासी यायची, म्हणजे नुसती चाकं, इंजिन आणि स्टिअरिंग. लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला पंचा गुंडाळून ड्रायव्हर ती लांबून चालवत आणायचा. त्या सांगाड्यावर अण्णा आणि त्यांची माणसं लोखंड, पत्रा, लाकूड, काच चढवत आणि बस उभी करत. अण्णा मूळचे आष्टीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पोरवयात हैदराबादला जाऊन पत्र्याचं काम शिकले. रिव्हेट बसवताना एक जण बाहेरून घण मारतो आणि दुसरा आत बसून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. अण्णांनी आयुष्यभर आतली जागा सोडली नाही. आतला माणूस पक्का असला तर रिव्हेट हलत नाही, असं ते म्हणत. पत्र्याच्या बंद पेटीत, घणाच्या आवाजात, किती वर्षं ते बसले असतील!

या अण्णांचा कान गावात प्रसिद्ध होता. ट्रकवाले, जीपवाले, अंबडचे, परतूरचे, गाडी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "अण्णा, जरा कान लावा की." अण्णा इंजिन सुरू करायला लावत, बोनेटवर हात टेकवत, डोळे मिटत. मग म्हणत, "मागच्या पाट्याचं पान तुटलंय," नाहीतर, "गिअरबॉक्स उतरवा, आज न्हाई तर उद्या बसतीच." आणि ते बरोबर निघायचं. "मशिनी आता आल्या, अण्णाचा कान निजामाच्या टायमापास्नं हाय," अशी लोकांत थट्टा होती. शेडमध्ये काम यायचं ते निम्मं त्या कानाच्या नावावर.

घर शेडच्या मागंच होतं. सकाळी ग्राइंडर सुरू व्हायच्या आधी तेवढी तासभर शांतता. त्यात आईचं भाकरी थापणं ऐकू यायचं, आणि दूध उतू जाताना तिची एक ठरलेली शिवी. येसराच्या आमटीचा वास ज्या दिवशी असे त्या दिवशी शेडमधली माणसंही काही ना काही निमित्तानं मागच्या दाराशी यायची, आणि आई पातेल्यात वाटीभर पाणी वाढवायची. आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलत. आई जेवायला बोलवायची ती ताटावर उलथनं वाजवून. मी एकटीच हळू बोलायचे. मला अण्णांनी हट्टानं मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथल्या बाई म्हणत, मुलीचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतच जावा. घरी येऊन मी त्याच आवाजात विचारायचे, "अण्णा, पाणी आणू?"

"काय?"

"पाणी."

"मोठ्यानं बोल की! शाळेत फी भरून तोंड शिवून आणलं का?"

ते रागानं बोलत नसत, पण त्यांचा आवाज एवढा होता की मी एक पाऊल मागं सरायचे. पुढचं वाक्य मग आणखी हळू निघायचं. एकदा सुट्टीत मी अंगणातल्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत डोकं घालून मोठ्यानं बोलायचा सराव केला. स्वतःचाच आवाज घुमून परत आला तो ऐकून इतकी घाबरले की तिथंच सोडून दिलं. माझ्या आवाजातच काहीतरी कमी आहे, हे मी मान्य करून टाकलं होतं. त्याच समजुतीवर मी औरंगाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तीन वर्षं काढली. यंत्रशाखेत आम्ही दोनच मुली होतो. तोंडी परीक्षेत सर म्हणायचे, "तुझं उत्तर बरोबर असावं असं वाटतंय, पण ऐकू आलं तर बरं होईल."

शेवटच्या वर्षी प्रकल्प निवडायचा होता तेव्हाच अंबडच्या एका शाळेचे सचिव, काळे सर, अण्णांकडं बस बांधायला आले. खादीचा शर्ट, हातात छत्री, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. "अण्णा, मागची गाडी तुम्ही झकास बांधली, पण पोरं शाळेत पोचेस्तोवर बहिरी होतात हो! बाई गाडीत पाढे म्हणून घेतात, ते त्यांचं त्यांनाच ऐकू येत न्हाई." सगळे हसले, अण्णाही. मग अण्णांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "आमची निलू इंजिनिअर हाय. ती करील बंदोबस्त." मी पाणी द्यायला आले होते. तांब्या खाली ठेवायचा विसरून तशीच उभी राहिले.

बसचं इंजिन तेव्हा आत, ड्रायव्हरच्या शेजारीच असे, पत्र्याच्या झाकणाखाली; त्या झाकणालाही बोनेटच म्हणत. त्याचा आवाज दोन तऱ्हांनी माणसापर्यंत येतो. एक हवेतून: झाकणाच्या कडा, पायातल्या पेडलच्या फटी, तक्तपोशीची, म्हणजे पायाखालच्या फळ्यांची, भोकं. दुसरा लोखंडातून: इंजिन जिथं चासीवर बसवलेलं असतं तिथून हादरा निघतो, पट्ट्यापट्ट्यांतून चढत जातो आणि शेवटी छताचा पत्रा ढोलासारखा वाजवतो. कुठल्या वाटेनं किती येतो हे कळलं तरच काय बुजवायचं आणि कुठं रबर घालायचं ते ठरतं. आमच्या कॉलेजच्या सरांनी एक युक्ती शिकवली होती. इंजिनाच्या खोबणीत कर्णा बसवायला जागा नसते. म्हणून उलटं करायचं. कर्णा ड्रायव्हरच्या सीटवर, त्याच्या कानाच्या उंचीला ठेवायचा आणि मोजणारा माइक खाली इंजिनापाशी. आवाजाची वाट दोन्हीकडून सारखीच असते. वरून खाली जेवढा गळतो तेवढाच खालून वर येतो. मला हे फार आवडलं होतं. एखाद्या गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवता येतो, असं त्या वर्षी पहिल्यांदा वाटलं. कॉलेजची ती यंत्रं मी चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन जालन्याला आणली.

एका दुपारी शेडमध्ये चहाची सुट्टी होती. बस उभी होती, काचा बसल्या होत्या, सीटा अजून यायच्या होत्या. मी कर्णा लावला. माणसं चहाचे कप घेऊन तक्तपोशीवरच बसली. तमाशा बघायला मिळणार होता. आमचे जुने पत्रेवाले सलीमचाचा, गंगाधर, आणखी दोघं, आणि मागच्या बाजूला माझ्याकडं पाठ करून वर्तमानपत्र वाचत अण्णा. आईनं चुरमुऱ्यांची सुशीला करून पाठवली होती, तिचं पातेलं मध्ये. मी बटण फिरवलं. आधी खालच्या पट्टीतली घूंऽऽ अशी घरघर निघाली, पायाखालचं लाकूड थरथरलं. "हां, हा आवाज! हाच तर डोकं उठवतो," अण्णा पेपरातूनच म्हणाले. मी बटण हळूहळू वर नेत गेले. घरघरीचा भोंगा झाला, भोंग्याची शिट्टी झाली, आणि शिट्टी बारीक होत होत दाभणासारखी झाली. सलीमचाचांनी कप खाली ठेवून दोन्ही कानांत बोटं घातली. "या अल्ला! बेटी, दात हिलून राहे मेरे!" गंगाधर तर उडी मारून बाहेरच पळाला. बाहेर कुत्रं केकाटायला लागलं. माझ्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मोजणी अर्धवट सोडता येत नव्हती.

अण्णांनी पान उलटलं. सुशीलेचा घास घेतला. मग मान वळवून, अगदी सहज, मला विचारलं, "झालं का? बंद केलं का यंत्र?"

काटा यंत्राच्या उजव्या कडेला थरथरत होता. सलीमचाचांची बोटं अजून कानांत होती, म्हणून अण्णांनी काय विचारलं हे त्यांना कळलं नाही. इतर दोघं गंगाधरच्या मागोमाग खाली उतरले होते. म्हणजे ते मी एकटीनंच ऐकलं. मी बटण झटकन शून्यावर आणलं आणि म्हणाले, "हो. झालं."

"काय?"

"झालं!"

पहिल्यांदा वाटलं, थट्टा करताहेत. पण अण्णा थट्टा करताना आधी स्वतः हसत. वायर गुंडाळताना ती तीनदा सुटली.

त्या दिवसापासून मी घरात चोरासारखी वावरू लागले. माझे मामा मुंबईला असत, त्यांनी अण्णांना आकड्यांचं घड्याळ दिलं होतं. ते दर तासाला टीं टीं करायचं. अण्णा कधीच ते बंद करत नसत. शेजारी बसलेलं कुणीतरी, बहुतेक वेळा आई, हात लांब करून बटण दाबायची. आम्हाला वाटे, अण्णांना तेवढ्याशा गोष्टीचं महत्त्व नाही. आता मी ते टीं टीं व्हायची वाट बघत बसे आणि अण्णांच्या चेहऱ्याकडं बघे. काही हलत नसे. कुकरची शिट्टी झाली की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "शिट्टी झाली हो!" अख्ख्या घराला ऐकू आलेली गोष्ट ती कुणाला सांगते, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता.

आणि मग दूधवाल्याची सायकल आठवली. आदल्या वर्षी, मी औरंगाबादला असताना, अण्णांनी एक तयार बस मागं घेताना शेडच्या तोंडाशी टेकवलेली सायकल चाकाखाली घेतली होती. आमच्या शेडमधून बस उलटीच काढावी लागे; समोर भिंत, मागं दार. काढायचे ते अण्णाच. मागं उभा राहून शिट्टी मारायचं काम गंगाधरकडं: एक लांब शिट्टी म्हणजे येऊ द्या, तुटक तुटक म्हणजे थांबा. गंगाधर शपथा घेत होता, "आईची आन अण्णा, मारली व्हती शिट्टी, दम लागस्तोवर मारली व्हती." अण्णा म्हणाले, मारलीच न्हाई, गप्पा मारत बसला असशील. सगळ्यांनी अण्णांचं ऐकलं. अण्णाच्या कानाला ऐकू आली नाही म्हणजे वाजलीच नाही, इतकं ते सरळ होतं. अण्णांनी मग गंगाधरला नवी स्टीलची, पोलिसांची असते तशी बारीक आवाजाची शिट्टी आणून दिली आणि म्हणाले, "घे. आता मेलेला बी उठून बसंल." म्हणजे त्यांना जे ऐकू येत नव्हतं, त्याच्याही वरच्या पट्टीची.

मी मोजणी संपवली. प्रत्येक फट कुठं आहे ते मला आता पाठ होतं, आणि प्रत्येक फटीची मला भीती वाटत होती. कारण सरांची ती युक्ती माझ्या डोक्यातून जात नव्हती. ज्या वाटेनं इंजिनाचा आवाज आत येतो, त्याच पेडलच्या भोकांतून, त्याच तक्तपोशीच्या सांध्यांतून बाहेरचं थोडंफार अण्णांपर्यंत पोचत असणार: गंगाधरचं ओरडणं, पत्र्यावरची थाप, चाकाखालचा खडखडाट. आणि त्या वाटा बंद करायचं काम माझं होतं. डांबर लावलेला जाड लोकरीचा नमदा आला, रबराच्या पट्ट्या आल्या. सलीमचाचा मापं घेत, मी खुणा करत असे. ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी एक सांधा मी मुद्दाम तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी अण्णा सीटवर बसले, इंजिन सुरू केलं, आणि खाली वाकून तळहात बरोबर त्या सांध्यावर ठेवला. "हे राह्यलं बघ. हितून येऊन राह्यलाय आवाज." त्यांनी तो हातानं शोधला होता. मी बघत राहिले. बोनेटवर टेकवलेला हात, मिटलेले डोळे. अण्णांचा तो कान कित्येक वर्षं त्यांच्या तळहातात होता, आणि त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसावं. "अर्धवट काम करायचं न्हाई, निले," ते म्हणाले आणि स्वतःच्या हातानं तिथं नमदा ठोकला.

बस तयार झाली तेव्हा खरोखर शांत होती. अण्णा येईल त्याला आत बसवून इंजिन सुरू करून दाखवायचे. "माझ्या पोरीनं गाडी मुकी केली!" इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी तेवढ्यात खाली उतरून जायचे. बस शाळेला द्यायच्या आदल्या संध्याकाळी आई उद्यासाठी धपाट्यांचं पीठ मळत होती. मी तिच्याजवळ बसून लसूण सोलत होते. बराच वेळ नुसती सालं उडवत बसले. मग म्हणाले, "आई, अण्णांना नीट ऐकू येत नाही."

आईचे हात थांबले नाहीत. "तुला आता कळलं?"

"तुला माहीत आहे?"

"बारा वर्सं झाली, मी काय भिंतीसंगं संसार करून राह्यले का? तू चौथीला असताना त्याईला तुझं बोलणं कमी ऐकू येऊ लागलं. आधी तुझंच. बारीक आवाज तुझा."

"मग सांगितलं का नाहीस? डॉक्टर असतात, यंत्र मिळतं कानाचं."

"आन् गावात काय सांगू? अण्णाचा कान गेला म्हणून? लोक येतात ते कशाच्या नावानं येतात? एवढी माणसं जेवून राह्यली त्या शेडवर." तिनं पिठावर पाण्याचा हबका मारला. "मी हाये ना त्याईच्या बाजूला. मी सांगते की समदं."

"उद्या गाडी मागं काढताना तू असशील बाजूला? मागं पोरं असतात, आई."

तिनं पीठ उलटून पुन्हा दाबलं. मग म्हणाली, "त्याईच्या कानावर घालायचं तर कसं घालायचं, सांग तू. मला न्हाई जमलं इतक्या वर्सांत." तिचा आवाज बसका झाला होता, आणि तेव्हा मला कळलं की ती माझ्याइतकीच घाबरलेली आहे, फक्त जास्त काळापासून. अण्णा बाहेरून ओरडले, "अगं, चहा हाये का?" आणि ती नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "हाये, हाये!"

सकाळी काळे सर आले, सोबत शाळेच्या दोन बाई. बसला झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. नारळ अण्णांनी बसच्या मागं फोडला, कारण गाडी ज्या बाजूनं निघणार त्या बाजूला फोडायचा ही आमच्या शेडची रीत होती. कारखान्यांच्या चाळीतली पोरं त्याची वाटच बघत असत. खोबऱ्याचे तुकडे दाराच्या उतारावर घरंगळले आणि पोरं त्यांच्यामागं वाकली. गंगाधर शिट्टी तोंडात धरून त्यांना हाकलत होता. आई मागच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. अण्णांनी मला हाक मारली, "निले, यंत्र घेऊन वर ये. सरांना काटा दाखव." मी चढले. काळे सर बोनेटजवळच्या लांब सीटवर बसले. अण्णांनी सगळ्या काचा ओढून घेतल्या, इंजिन सुरू केलं, आणि सरांकडं बघत राहिले.

"वा!" काळे सर म्हणाले. "अहो, हिच्यात तर झोप लागेल."

"आमच्या निलूचं काम," अण्णा म्हणाले. त्यांनी आरशात बघितलं. मीही बघितलं. गंगाधरनं हात वर केला, गाल फुगवले. लांब शिट्टी मला ऐकू आली, फार दुरून, शेतापलीकडं एखादा पक्षी ओरडावा तशी. अण्णांनी त्याचा हात बघूनच गिअर टाकला. बस हळू मागं सरकली.

त्या सकाळी कुणालाही खरचटलंसुद्धा नाही, हे मी इथंच सांगून टाकते. पुढं अण्णांनी कानाचं यंत्रही लावलं, कधी लावलं, कधी खिशात ठेवलं, आणि शेड चालत राहिली. पण हे मला आज माहीत आहे. तेव्हा माझ्या हातातला काटा हलत होता तो इंजिनामुळं की माझ्या हातामुळं, ते मला सांगता येत नव्हतं.

आरशात गंगाधर अचानक वाकला. आता नुसती त्याची पाठ दिसत होती. त्याचे दोन्ही हात चाकाच्या बाजूला कुठंतरी खाली होते, काहीतरी ओढत होते, आणि तो बारीक पक्षी आता तुटक तुटक ओरडत होता. थांबा. थांबा. थांबा. अण्णा काळे सरांना सांगत होते की तक्तपोशीला सागवान वापरलंय. बस मागं जातच होती.

"अण्णा," मी म्हणाले.

"काय?" ते हसतच होते.

"अण्णा, थांबवा."

"मोठ्यानं बोल की, सर हायेत," ते म्हणाले आणि सरांकडं बघून, पोरीची जात, अशा अर्थानं मान हलवली. मी मोजायचं यंत्र सोडून दिलं. ते कॉलेजचं होतं, महागाचं होतं, बोनेटवर आपटून खाली पडलं. मी अण्णांचा गिअरवरचा हात दोन्ही हातांनी धरला आणि ओरडले. काळे सरांनी ऐकलं, खाली शेडमधल्या माणसांनी ऐकलं, मागच्या दारात आईनं ऐकलं, आणि पहिल्याच खेपेला अण्णांनी ऐकलं.

"अण्णा, ब्रेक मारा! गंगाधर शिट्टी मारून राह्यला, तुम्हाला ऐकू येत न्हाई!"